कंटेनरमध्ये ग्राफिक्स कार्ड दिसतं, पण व्हिडिओ एन्कोड होत नाही

रात्रपाळी

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबण लागेल, पण सगळं एकदाच लिहितो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

आमच्याकडे रेकॉर्ड केलेली व्याख्यानं अपलोड होतात आणि प्रत्येकाच्या १०८०, ७२० आणि ४८० अशा तीन आवृत्त्या एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये काढायच्या असतात. आतापर्यंत हे काम प्रोसेसरवर लिब-एक्स२६४ (सॉफ्टवेअर एन्कोडर) करत होतं. दर्जाबद्दल तक्रार नाही, पण रांग हलत नाही. मशीनमध्ये ट्युरिंग पिढीचं एक जीफोर्स कार्ड नुसतंच बसून आहे, त्याला कामाला लावायचं ठरवलं. होस्ट (मूळ मशीन) उबुंटू, वर प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं डॉकर, आणि कंटेनरला कार्ड मिळवून देणारं एनव्हिडियाचं कंटेनर टूलकिट बसवलेलं. इमेज (कंटेनरचा साचा) आम्हीच डेबियनवर बांधलेली, आत व्हिडिओ रूपांतर करणारं एफएफएमपेग.

आता गंमत बघा. कंटेनर `--जीपीयूज ऑल` देऊन उठवला की आत एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) व्यवस्थित चालतं, कार्डाचं नाव, तापमान, सगळं दिसतं. `एफएफएमपेग -एन्कोडर्स` च्या यादीत एच२६४_एनव्हेंक, म्हणजे कार्डावरचा एन्कोडर, आहे. प्रत्यक्ष एन्कोड सुरू केलं की मात्र हे येतं:

`कॅनॉट लोड लिबएनव्हिडिया-एन्कोड.एसओ.१`

आणि त्याच्या खाली, किमान अमुक आवृत्तीचा ड्रायव्हर लागेल अशी ओळ. होस्टवरचा ड्रायव्हर त्या आवृत्तीपेक्षा नवाच आहे. तीच कमांड होस्टवर थेट दिली तर बिनबोभाट चालते.

प्रश्न दोन. ड्रायव्हर इमेजमध्येही बसवायचा असतो का? आणि एका कार्डावर अशी किती कामं एकाच वेळी सोडता येतात?

(कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये.)

घाईत

`--प्रिव्हिलेज्ड` लावून बघितलं का? माझं एकदा त्यानेच चालू झालं होतं.

कोपऱ्यातला सर्व्हर

@घाईत, नको हो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. प्रिव्हिलेज्डने होस्टची सगळी डिव्हाइसं कंटेनरपुढे उघडी पडतात. धागाकर्त्याला डिव्हाइस दिसतंच आहे, एसएमआय चालतंय ना? एरर नीट वाचा, एक फाइल सापडत नाहीये. परवानग्या कितीही वाटल्या तरी जी फाइल आत नाही ती येणार नाही. शिवाय लोकांनी अपलोड केलेले व्हिडिओ उघडणारा कंटेनर आहे हा. एफएफएमपेगमध्ये उद्या एखादं भगदाड निघालं तर प्रिव्हिलेज्ड कंटेनरमधून होस्टपर्यंतचा रस्ता मोकळाच.

@रात्रपाळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, इमेजमध्ये ड्रायव्हर अजिबात बसवू नका. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा कळलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप सुटतात.

कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) होस्टचाच असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर दोन तुकड्यांत येतो. एक तुकडा कर्नलमध्ये लोड होणारी मोड्यूल्स. दुसरा तुकडा म्हणजे प्रोग्राम ज्यांच्याशी बोलतात त्या लायब्ररी. हे दोन्ही तुकडे एकाच आवृत्तीचे असावे लागतात, १९-२० चालत नाही. इमेजमध्ये लायब्ररी बसवल्यात तर आज जुळतील. उद्या होस्टचा ड्रायव्हर अपडेट झाला की "ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" म्हणून सगळं ठप्प. म्हणून टूलकिट काय करतं, तर कंटेनर सुरू होतानाच होस्टवरच्या लायब्ररी आत माउंट करतं. इमेज कोरी राहते आणि जुळणी कायम राहते.

आता मुद्द्याची गोष्ट. टूलकिट सगळ्याच लायब्ररी आत आणत नाही. त्याचे गट पाडलेले आहेत. "युटिलिटी" म्हणजे एसएमआय आणि त्याला लागणारी लायब्ररी. "कंप्युट" म्हणजे कुडा, कार्डावर आकडेमोड चालवण्याची एनव्हिडियाची व्यवस्था. "ग्राफिक्स" वेगळा, "डिस्प्ले" वेगळा, आणि एन्कोड-डीकोडच्या लायब्ररी "व्हिडिओ" या गटात. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर मिळतात फक्त युटिलिटी आणि कंप्युट. म्हणून तुमचं एसएमआय चालतं, कुडाचा प्रोग्रामही चालेल, फक्त एन्कोडर चालत नाही. एन्व्हायर्नमेंटमध्ये हे घाला:

`एनव्हिडिया_ड्रायव्हर_कॅपॅबिलिटीज=कंप्युट,युटिलिटी,व्हिडिओ`

नुसतं "व्हिडिओ" देऊ नका. एफएफएमपेगचा एनव्हेंक कुडा कॉन्टेक्स्टमधूनच चालतो, त्यामुळे कंप्युट हवंच. "ऑल" दिलं तरी चालेल, पण जेवढं लागतं तेवढंच द्यावं असं माझं मत. एनव्हिडियाच्या तयार कुडा इमेज वापरल्या तरी सुटका नाही, त्यांच्यात हे व्हेरिएबल कंप्युट आणि युटिलिटीवरच बांधून ठेवलेलं असतं. ते बदलून द्यावं लागतं.

तपासायचं असेल तर कंटेनरमध्ये `एलडीकॉन्फिग -पी` च्या यादीत दोन नावं शोधा: लिबएनव्हिडिया-एन्कोड आणि लिबएनव्हीक्युव्हिड. पहिली एन्कोडसाठी, दुसरी डीकोडसाठी. दोन्ही दिसल्या की झालं.

आणि ती "किमान ड्रायव्हर" वाली ओळ सोडून द्या. लायब्ररी उघडली नाही की एफएफएमपेग ती ओळ छापून मोकळं होतं. तुमचा ड्रायव्हर जुना आहे असा शोध त्याने लावलेला नसतो. तसंच `-एन्कोडर्स` च्या यादीत एनव्हेंक दिसणं म्हणजे फक्त तो कोड कंपाइल झालाय एवढंच. लायब्ररी ऐनवेळी उघडली जाते, त्यामुळे कार्ड नसलेल्या मशीनवरही ते नाव दिसेल.

तिरकस

म्हणजे ग्राफिक्स कार्डाला आधी सांगावं लागतं की बाबा रे, व्हिडिओ हाही तुझ्याच खात्यातला विषय आहे. छान.

जुनाट

+१ कोपऱ्यातला सर्व्हर. वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक पुरवणी. डॉकरची कंपोज फाइल (कंटेनरची मांडणी लिहिलेली) वापरत असाल तर डिव्हाइस आरक्षणाच्या भागात "कॅपॅबिलिटीज: [जीपीयू]" असं एक फील्ड असतं, ते सक्तीचं आहे. पण हे आणि वरचं व्हेरिएबल यांची गल्लत होते. आरक्षणातलं "जीपीयू" म्हणजे मला कार्ड द्या. त्यात व्हिडिओच्या लायब्ररी आपोआप येत नाहीत. व्हेरिएबल वेगळं लिहावंच लागतं.

आणि इथे कोणी डॉकर १९.०३ च्या आधीचं काही चालवत असेल तर `--जीपीयूज` हा पर्यायच मिळणार नाही. तो २०१९ मध्ये आला. जुन्या लेखांत `--रनटाइम=एनव्हिडिया` दिसतं, ते आजही चालतं, पण मग एनव्हिडिया_व्हिजिबल_डिव्हाइसेस हे व्हेरिएबलही आपणच द्यायचं.

बिटरेट बहाद्दर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं सरळ नाही.

एनव्हेंक ही कार्डावरची वेगळी चिप-पट्टी आहे, कुडा कोअर्सशी तिचा संबंध नाही. २०१२ च्या केप्लर पिढीपासून ती कार्डावर असते. म्हणून "एन्कोड चालू असताना मॉडेलही चालवता येईल का" याचं उत्तर बहुतेक वेळा हो असतं. फक्त मेमरी दोघांची एकच.

जीफोर्स कार्डांवर एकाच वेळी किती एन्कोड सत्रं उघडता येतील यावर ड्रायव्हरनेच मर्यादा घातलेली आहे. कित्येक वर्षं ती २ होती. २०२० मध्ये ३ झाली, २०२३ मध्ये ५, आणि २०२४ च्या सुरुवातीला ८. हार्डवेअर तेच, ड्रायव्हर बदलला की आकडा बदलला, यावरून काय ते समजा. व्यावसायिक श्रेणीतल्या बऱ्याच कार्डांवर अशी मर्यादा नाही.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, ही मर्यादा अख्ख्या मशीनची आहे, कंटेनरची नाही. तुम्ही चार कंटेनर उठवलेत म्हणून प्रत्येकाला वेगळा कोटा मिळत नाही. दोन, सत्र म्हणजे काम नव्हे. तुमच्या एका व्याख्यानाच्या तीन आवृत्त्या एकाच कमांडमधून निघाल्या तर ती ३ सत्रं. ८ ची मर्यादा धरली तर अशी दोन व्याख्यानं एका वेळी बसतात, तिसरं पडतं. आणि पडताना एरर काय येते? "ओपनएन्कोडसेशनएक्स फेल्ड: आउट ऑफ मेमरी (१०)". माणूस कार्डाची मेमरी बघत बसतो, ती तर अर्धी रिकामी. खरी मेमरी संपल्यावरही हीच एरर येते, म्हणून दोन्ही बघा, पण आधी सत्रं मोजा. `एनव्हिडिया-एसएमआय एन्कोडरसेशन्स` ने चालू सत्रांची यादी मिळते.

मर्यादेत बसलं म्हणजे वेग मिळाला असंही नाही. एन्कोडर पट्टी एक असेल तर आठ सत्रं तीच वाटून घेतात. `एनव्हिडिया-एसएमआय डीमॉन -एस यू` लावून ठेवा, त्यात "एन्क" आणि "डेक" असे वेगळे रकाने दिसतात. "एन्क" १०० ला टेकला की आणखी कामं सोडून काही पदरात पडत नाही. नेहमीच्या एसएमआयच्या पानावरचा वापराचा टक्का याबाबतीत कुचकामी आहे, एन्कोडर धापा टाकत असला तरी तो निवांत दिसू शकतो.

लिनक्सवेडा

ती मर्यादा काढून टाकणारी ठिगळं जालावर मिळतात की.

बिटरेट बहाद्दर

मिळतात. घरच्या मीडिया सर्व्हरवर कोणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण धागाकर्त्याचं हे कामाचं मशीन दिसतंय. ड्रायव्हरच्या परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय प्रत्येक अपडेटनंतर ठिगळ पुन्हा लावायचं, आणि रात्री आपोआप अपडेट झालं की सकाळी रांग तुंबलेली. मी या फंदात पडणार नाही. रांगेलाच शिस्त लावा, एका वेळी दोन व्याख्यानं.

रात्रपाळी

कोपऱ्यातला सर्व्हर, दंडवत. ते व्हेरिएबल घातलं आणि पहिल्या फटक्यात चालू झालं. जुनाट म्हणतात ती आरक्षण आणि व्हेरिएबलची गल्लत होण्याआधीच कळली, बरं झालं.

पण आता नवीन कोडं. एन्कोड चालतंय, आधीपेक्षा वेगातही आहे, तरी प्रोसेसर अजून लालेलालच. डीमॉनमध्ये "एन्क" ३० च्या आसपास घुटमळतो आणि "डेक" शून्य. कमांड साधीच आहे: इनपुट, मग तीन आउटपुट, प्रत्येकावर `-व्हीएफ स्केल` आणि `-सी:व्ही एच२६४_एनव्हेंक -सीआरएफ २३`. कार्ड असताना प्रोसेसर का राबतोय?

कोपऱ्यातला सर्व्हर

"डेक" शून्य यातच उत्तर आहे. तुम्ही फक्त शेवटची पायरी कार्डाला दिलीत. डीकोड प्रोसेसर करतोय, तीनदा लहान-मोठं करायचं कामही प्रोसेसरच करतोय, आणि तयार फ्रेम कार्डाकडे पाठवतोय. कार्ड वाट बघत बसलंय.

फ्रेम डीकोड झाल्यापासून एन्कोड होईपर्यंत कार्डाच्याच मेमरीत राहिली पाहिजे. त्यासाठी इनपुटच्या आधी हे दोन:

`-एचडब्ल्यूअ‍ॅक्सेल कुडा -एचडब्ल्यूअ‍ॅक्सेल_आउटपुट_फॉरमॅट कुडा`

दुसरा विसरलात तर कार्ड डीकोड करतं आणि फ्रेम मुकाट्याने सिस्टिम मेमरीत परत आणून ठेवतं. एरर येत नाही, नुसता वेग जातो. मग साध्या स्केलच्या जागी स्केल_कुडा. तीन आवृत्त्यांसाठी एकाच फिल्टर-साखळीत आधी `स्प्लिट=३`, मग एक फाटा तसाच, दुसऱ्यावर `स्केल_कुडा=१२८०:७२०`, तिसऱ्यावर `स्केल_कुडा=८५४:४८०`. अशाने डीकोड एकदाच होतं.

आता साधं स्केल आणि कुडाच्या फ्रेम एकत्र आल्या की "इम्पॉसिबल टू कन्व्हर्ट बिटवीन द फॉरमॅट्स" अशी एरर येते. तिचा अर्थ एवढाच, की फ्रेम कार्डावर आहे आणि फिल्टर प्रोसेसरचा आहे. लोगो किंवा सबटायटल चिकटवताना हे हमखास होतं. तिथे एकतर ओव्हरले_कुडा वापरा नाहीतर एचडब्ल्यूडाउनलोड करून, काम उरकून, परत एचडब्ल्यूअपलोड करा.

हिशोब सांगतो, म्हणजे नेमकं काय वाचतं ते कळेल. १०८० ची एक ८-बिट फ्रेम एनव्ही१२ या पिक्सेल मांडणीत १९२० × १०८० × १.५, म्हणजे सुमारे ३१ लाख बाइट. सेकंदाला ३०० फ्रेमच्या वेगाने काम चाललं तर एका दिशेने जवळपास ९३० मेगाबाइट. स्लॉटच्या क्षमतेपुढे हे फार नाही. म्हणून "फ्रेमची ने-आण हेच मूळ दुखणं" असं जे सांगितलं जातं ते अर्धसत्य आहे. प्रोसेसरला खरं दमवतात ते डीकोड आणि स्केल.

बिटरेट बहाद्दर

थांबा थांबा, त्या `-सीआरएफ २३` कडे कोणाचंच लक्ष नाही?

एनव्हेंकला सीआरएफ (बिटरेटऐवजी दर्जा ठरवणारा आकडा) हा पर्याय माहीतच नाही. तो लिब-एक्स२६४ चा. एफएफएमपेग एक इशारा छापतं की हा पर्याय वापरला गेला नाही, पुढे जातं, आणि बिटरेट सांगितलेलाच नसल्याने २ मेगाबिट हा स्वतःचा ठरलेला आकडा लावतं. म्हणजे तुमच्या १०८० लाही २ मेगाबिट आणि ४८० लाही २. पहिलं चिखल झालेलं, दुसरं उगाच फुगलेलं. "हार्डवेअर एन्कोडरचा दर्जा भिकार" असं म्हणणाऱ्यांपैकी कितीजण हीच चाचणी करून बोलत असतील देव जाणे.

त्याऐवजी `-आरसी व्हीबीआर -सीक्यू २३ -बी:व्ही ०`. आणि सीक्यू २३ म्हणजे सीआरएफ २३ नव्हे, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. तुमच्या दोन-चार व्याख्यानांवर वेगवेगळे आकडे लावून डोळ्यांनी बघा. प्रीसेट पी१ ते पी७ असतात, पी१ सगळ्यात वेगवान. तुमचा एन्कोडर ३० टक्क्यांवर होता म्हणजे पी५ किंवा पी६ परवडेल. सोबत `-ट्यून एचक्यू` आणि `-स्पेशियल-एक्यू १`.

चिकित्सक

माफ करा, पण मूळ निर्णयाबद्दलच शंका आहे. त्याच बिटरेटला लिब-एक्स२६४ चा स्लो प्रीसेट एनव्हेंकला हरवतो, हे काही गुपित नाही. व्याख्यानं एकदा एन्कोड होतात आणि वर्षानुवर्षं पाहिली जातात. वेळ एकदा जाईल, बँडविड्थ दर वेळी जाईल. मग घाई कशाला?

बिटरेट बहाद्दर

मुद्दा बिनतोड आहे, पण रांग हलत नसेल तर उत्तम एन्कोडचं लोणचं घालायचं का? आणि फरक पूर्वीइतका राहिलेला नाही. २०१८ मध्ये ट्युरिंगबरोबर एनव्हेंक बराच सुधारला. मात्र धागाकर्त्याचं कार्ड जर सुरुवातीचं जीटीएक्स १६५० असेल तर त्यात ट्युरिंगच्या नावाखाली आधीच्या व्होल्टा पिढीचा एन्कोडर आहे, एवढं तपासून घ्या.

वाद घालण्यापेक्षा मोजा. व्हीएमएएफ हे चित्राच्या दर्जाचं मोजमाप नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलं, एफएफएमपेगमध्ये त्याचा फिल्टर आहे. फक्त सरासरीवर जाऊ नका. व्याख्यानात फळा किंवा स्लाइड असते, बारीक अक्षरं असतात. सरासरी गुण छान येतात आणि सूत्रातला घातांक वाचता येत नाही असं होऊ शकतं. सगळ्यात कमी गुणांच्या फ्रेम काढून बघा.

चिकित्सक

अक्षरांचा मुद्दा मान्य. मग मधला मार्ग सुचवतो: १०८० आणि ७२० कार्डावर, ४८० प्रोसेसरवर. लहान आवृत्तीत बिटरेट कमी असतो, तिथेच लिब-एक्स२६४ चा फायदा जास्त दिसतो, आणि तेवढा भार प्रोसेसर सहज पेलेल. शिवाय प्रत्येक व्याख्यानामागे एक सत्र वाचलं. ८ मध्ये दोनऐवजी चार व्याख्यानं.

बिटरेट बहाद्दर

हे आवडलं. ४८० चा फाटा स्केल_कुडाने आधी लहान करून मग खाली उतरवा, म्हणजे प्रोसेसरकडे छोटी फ्रेम जाईल.

उंबरठा

धागा जरा वळवतो. माझ्याकडे एनव्हिडिया नाही, छोटं मशीन आहे, प्रोसेसरमधलंच इंटेलचं ग्राफिक्स. त्यातलं एन्कोडर, म्हणजे क्विक सिंक, वापरायचं आहे. वरचं सगळं मला लागू होतं का?

जुनाट

जवळपास काहीच नाही, आणि त्याबद्दल आनंद माना.

इंटेल आणि एएमडीची तऱ्हा उलटी आहे. कर्नलमधला ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतो, आणि यूजर-स्पेसचा ड्रायव्हर इमेजमध्येच बसवायचा असतो. दोघांची आवृत्ती तंतोतंत जुळायची गरज नाही. टूलकिट वगैरे भानगड नाही. फक्त `--डिव्हाइस /डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८` द्या. दोन ग्राफिक्स असतील तर दुसरं १२९ वर असतं, कुठलं कोणाचं ते `/डेव्ह/डीआरआय/बाय-पाथ` मध्ये बघा.

नव्वद टक्के लोक परवानगीवर अडकतात. रेंडर नोडची मालकी "रेंडर" गटाकडे असते. कंटेनरमधला प्रोग्राम रूट नसेल तर त्याला त्या गटात घालावं लागतं, आणि इथे नाव उपयोगाचं नाही, आकडा लागतो. होस्टवर `गेटएन्ट ग्रुप रेंडर` द्या, जो आकडा येईल तो `--ग्रुप-अ‍ॅड` ला द्या. इमेजमधल्या "रेंडर" गटाचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून नावाने घातलं की फसतं.

मग आत व्हीएइन्फो चालवा, ग्राफिक्सला काय काय जमतं ते ती कमांड सांगते. इंटेलच्या ब्रॉडवेल आणि नंतरच्या प्रोसेसरांना आयएचडी ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये त्याची दोन पॅकेजं आहेत, एक मुक्त आणि एक नॉन-फ्री. मुक्त पॅकेजमध्ये एन्कोडचे काही भाग नसतात, त्यामुळे डीकोड होतं पण एन्कोड होत नाही असा प्रकार दिसला तर नॉन-फ्री लावा. व्हीएइन्फोच्या यादीत एच.२६४ पुढे "एन्कस्लाइस" दिसलं पाहिजे. नुसतं "व्हीएलडी" म्हणजे फक्त डीकोड. प्रोसेसर नवाकोरा आणि इमेज जुनी असेल तर ड्रायव्हर हार्डवेअर ओळखतच नाही, तेव्हा इमेजचा पाया नवा घ्या.

उंबरठा

गटाचा आकडाच होता. मनापासून आभार. व्हीएइन्फोने पान भरून यादी दिली.

लिनक्सवेडा

इमेज लहान व्हावी म्हणून अल्पाइन या छोट्या लिनक्सवर बांधली तर?

जुनाट

इंटेलसाठी चालेल, तिथे ड्रायव्हर अल्पाइनच्याच पॅकेजमधून येतो. एनव्हिडियासाठी नाही. होस्टवरून माउंट होणाऱ्या लायब्ररी जीलिबसी या सी लायब्ररीसाठी बांधलेल्या असतात आणि अल्पाइनची सी लायब्ररी मस्ल. फाइल डोळ्यांसमोर असते आणि लोड होत नाही. डेबियन स्लिम घ्या आणि पुढे चला.

दुसरी शिफ्ट

मॅकवर डॉकर डेस्कटॉपमध्ये हे जमेल का? मॅकचं हार्डवेअर एन्कोड, व्हिडिओटूलबॉक्स?

कोपऱ्यातला सर्व्हर

नाही. तिथे कंटेनर एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, आणि व्हिडिओटूलबॉक्स मॅकओएसचं. मॅकवर एफएफएमपेग कंटेनरबाहेरच चालवा.

दुसरी शिफ्ट

बरं. पुढचा: आमच्याकडे कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर वाटणारी व्यवस्था) ए१०० कार्डांची मशीनं आहेत, मॉडेल शिकवून झाली की रिकामी असतात. रात्री त्यांच्यावर एन्कोडची कामं टाकावीत असा विचार आहे.

बिटरेट बहाद्दर

टाकू नका. ए१०० वर एनव्हेंकच नाही. एच१०० वरही नाही. डीकोडर आहेत, मुबलक आहेत, एन्कोडर एकही नाही. डेटा सेंटर कार्डांत एन्कोड हवं तर टी४ किंवा एल४ बघा. एल४ वर दोन एनव्हेंक आहेत आणि एव्ही१ हा नवा फॉरमॅट सुद्धा.

आणि कुबरनेटीसमध्ये पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांना) `एनव्हिडिया.कॉम/जीपीयू: १` दिलं की अख्खं कार्ड जातं, अर्धं-पाव मागता येत नाही. वाटून घ्यायचं तर डिव्हाइस प्लगिनमध्ये टाइम-स्लायसिंग (आळीपाळीने वापर) लावता येतं. त्यात मेमरीची भिंत नसते, एक पॉड हावरट निघाला की शेजारचे मरतात. वरचं कॅपॅबिलिटीजचं व्हेरिएबल पॉडच्या वर्णनातही लागतंच.

रात्रपाळी

चार दिवस गाडी सुरळीत चालली. मग आज दोन भानगडी एकदम.

पहिली: काही मोजके व्हिडिओ "नो कॅपेबल डिव्हाइसेस फाउंड" म्हणून पडतात. त्याच वेळी त्याच कंटेनरमध्ये दुसरे व्हिडिओ नीट होतात. सत्रं मोजली, मर्यादेत आहेत.

दुसरी: चालू कंटेनरमधून कार्डच गायब. एसएमआय म्हणतं "फेल्ड टू इनिशियलाइझ एनव्हीएमएल: अननोन एरर". होस्टवर कार्ड ठणठणीत. कंटेनर परत उठवला की सगळं पूर्ववत.

बिटरेट बहाद्दर

पहिलीसाठी पडलेल्या व्हिडिओवर एफएफप्रोब (फाइलची माहिती दाखवणारं) चालवा. पैज लावतो, पिक्सेल फॉरमॅट १०-बिट निघेल. हल्लीचे फोन एचडीआरमध्ये (उजेड-रंगांचा मोठा पल्ला) रेकॉर्ड करतात. ट्युरिंगचा एच.२६४ एन्कोडर १०-बिट घेत नाही. लॉगची पातळी व्हर्बोज केली तर "१० बिट एन्कोड नॉट सपोर्टेड" अशी खरी ओळ दिसेल, एफएफएमपेगच्या काही आवृत्त्यांत एरवी ती दडून राहते आणि फक्त तो "कॅपेबल डिव्हाइसेस" चा गोलमाल निष्कर्ष दिसतो. स्केल_कुडामध्येच `फॉरमॅट=वाययूव्ही४२०पी` जोडा, १०८० च्या फाट्यावरही. एचडीआर असेल तर रंग फिकट येतील, त्यासाठी टोनमॅपिंग (ते रंग साध्या पडद्याच्या पल्ल्यात बसवणं) वेगळं करावं लागेल.

कोपऱ्यातला सर्व्हर

दुसरी भानगड जुनी आणि चिवट आहे. होस्टवर कोणीतरी `सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड` केलंय का? स्वतः केलं नसेल तर एखाद्या पॅकेजच्या अपडेटने केलं असेल, लॉगमध्ये वेळ जुळवून बघा.

होतं असं. कोणत्या कंटेनरला कोणतं डिव्हाइस उघडता येईल याचे नियम कर्नलच्या सीग्रुप या यंत्रणेत असतात, आणि ते सिस्टिमडी (होस्टवरच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) सांभाळतं. टूलकिट कार्ड आत घुसवतं ते डॉकरच्या नकळत, त्यामुळे सिस्टिमडीच्या वहीत त्याची नोंदच नसते. रीलोड झालं की सिस्टिमडी आपल्या वहीप्रमाणे नियम पुन्हा लावतं, आणि कार्डाची परवानगी उडते. डिव्हाइसची फाइल आत दिसते, उघडत मात्र नाही.

उपाय: डिव्हाइसं उघडपणे डॉकरला सांगायची. `--डिव्हाइस` ने एनव्हिडिया०, एनव्हिडियासीटीएल, एनव्हिडिया-यूव्हीएम ही सगळी द्या, म्हणजे ती वहीत येतात. याहून नीटनेटका मार्ग सीडीआयचा, म्हणजे कंटेनरला डिव्हाइस देण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा. `एनव्हिडिया-सीटीके सीडीआय जनरेट` ने एक वर्णन-फाइल तयार होते आणि कंटेनरला `--डिव्हाइस एनव्हिडिया.कॉम/जीपीयू=ऑल` असं द्यायचं. पॉडमॅनवाले (डॉकरचा पर्याय) हेच वापरतात. त्या फाइलमध्ये लायब्ररींची आवृत्तीसकट नावं असतात, म्हणून होस्टचा ड्रायव्हर बदलला की ती नव्याने काढलेली आहे ना, एवढं बघायचं.

आणि एक आरोग्य-तपासणी लावाच. एसएमआय चालवून बघणं पुरेसं नाही, ते तर पहिल्या दिवशीही चालत होतं. खरोखरचं एन्कोड करा: टेस्टएसआरसी२ (एफएफएमपेगचं चाचणी-चित्र) मधून एक सेकंदाचं चित्र, एच२६४_एनव्हेंक, आउटपुट नल. आकार ६४०×३६० ठेवा. फार लहान ठेवलात तर एन्कोडरच्या किमान मापात बसत नाही आणि निरोगी कंटेनर आजारी ठरतो. ही तपासणीही एक सत्र खाते, ते हिशोबात धरा.

चिकित्सक

तपासणी फसली की काम आपोआप प्रोसेसरवर वळवायचं?

कोपऱ्यातला सर्व्हर

वळवा, पण गाजावाजा करून. गुपचूप वळवलं तर कार्ड आठवडाभर झोपलेलं कोणाला कळणारही नाही.

रात्रपाळी

दोन्ही निदानं बरोबर. पडलेले सगळे व्हिडिओ १०-बिट निघाले, एकूण एक फोनवरचे. आणि होस्टच्या लॉगमध्ये आपोआप झालेलं अपडेट आणि त्यापाठोपाठ डीमन-रीलोड, कार्ड गायब झाल्याच्याच मिनिटाला. सीडीआयवर हलवलं, मुद्दाम हाताने रीलोड करून पाहिलं, कार्ड जागेवर.

सध्याची मांडणी, पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून: डेबियन स्लिमची इमेज, आत ड्रायव्हर नाही. डीकोड कार्डावर. १०८० आणि ७२० एनव्हेंकने पी६, सीक्यूचा आकडा स्लाइडची अक्षरं बघून ठरवला. ४८० लिब-एक्स२६४ ने. एका वेळी तीन व्याख्यानं, चौथ्याची जागा तपासणीसाठी मोकळी. रांग दुपारपर्यंत रिकामी होते.

शेवटचा प्रश्न. याच कार्डावर एव्ही१ काढता येईल का?

बिटरेट बहाद्दर

नाही. ट्युरिंगला एव्ही१ चं डीकोडही येत नाही, ते अँपियरपासून आलं. एन्कोड एनव्हिडियात २०२२ च्या एडा पिढीपासून, एएमडीत आरडीएनए ३ पासून, इंटेलच्या आर्क कार्डांवर आहे. कार्ड बदललंत तर इमेज तीच चालेल, फक्त आतलं एफएफएमपेग एव्ही१_एनव्हेंक असलेलं हवं. आणि ते फार नव्या हेडर्सवर बांधलेलं असेल तर होस्टचा ड्रायव्हरही तेवढा नवा लागेल, नाहीतर "रिक्वायर्ड एनव्हेंक एपीआय व्हर्जन" म्हणून अडेल. त्या वेळी ती ओळ खरी असते.

तिरकस

म्हणजे ड्रायव्हरच्या त्या ओळीवर विश्वास ठेवायचा की नाही ते नक्षत्र बघून ठरवायचं.

कोपऱ्यातला सर्व्हर

वरची ओळ बघून. वर "कॅनॉट लोड" असेल तर नाही, "डझ नॉट सपोर्ट" असेल तर हो.